मे महिन्यात स्वेटर

तिकीट वेटिंगवर आहे, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस.
पाराही तेवढ्यातच. रत्नमाला म्हणते,
रेल्वेवाले आपल्या गच्चीवर थर्मामीटर लावून बसले काय?
ऋतुजा पुण्याहून समजावते, बाबा, होईल कन्फर्म,
हिमाचलात आजकाल सगळेच जातात.
सगळेच जातात तर आम्हाला जागा कुठून उरणार,
हे मी विचारत नाही.

चौतीस वर्षं कोराडीला बॉयलरपाशी काढली.
नागपुरात थंडी पडत नाही असं नाही,
डिसेंबरात चांगली पडते,
पण मी नेमका रात्रपाळीला.
थंडी घरी येऊन जायची,
मला सकाळी रत्नमालाकडून कळायचं.

आता जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
कूलरच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून
चार कोपऱ्यांवर चार कांदे.
हेच कांदे दुपारी बाहेर पडताना खिशात जातात,
मग तेवढा वेळ हिमालय गुंडाळून फ्रीजवर.

निळी रेघ नदीची. तिच्या काठानं वाट.
तपकिरी रेघा दाटल्या की चढ समजायचा.
रत्नमाला तिथे बोट ठेवते
आणि दुसऱ्या हातानं उजवा गुडघा चोळते,
जणू त्याला आधीच सांगून ठेवतेय.

सराव म्हणून पहाटे पावणेपाचला सेमिनरी हिल्स.
आपल्याकडे डोंगर म्हणावा असं तेवढंच.
पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तूरडाळ,
तिच्या पिशवीत तीन.
तिसऱ्या दिवशी एका पोट्ट्यानं थांबवलं,
काहून काका, डाळ विकून राह्यले का?
रत्नमालानं भाव सांगितला.
पोट्टा म्हणाला, महाग आहे.

तिकडचा वाटाड्या फोनवर भेटतो,
ठाकूर नावाचा, आवाज दरीतून यावा तसा तुटक.
रात को ठंड है जी, गरम कपड़ा लाना.
मग त्यानंच विचारलं, आपके यहाँ कितना है?
मी म्हटलं, आज छेचाळीस.
बराच वेळ नुसती खरखर.
मला वाटलं, रेंज गेली.
नंतर अगदी हळू, आजाऱ्याची चौकशी करावी तसं,
सब ठीक तो हैं ना, साहब?

दुपारी माळ्यावरून ट्रंक उतरवली.
डांबरगोळ्यांचा वास घरभर सुटला.
तिचा मरून स्वेटर, कोपरावर कसर लागलेला,
माझा राखाडी, ज्याची घडीही मोडलेली नव्हती.
बसतो का बघू, म्हणून तिनं चढवला
आणि कूलरसमोर उभी राहिली,
घामानं निथळत, हात पसरून,
कानटोपीसुद्धा घालून.
खोब्रागडे काकू ताकाचं भांडं परत द्यायला आल्या,
दारातच थबकल्या,
भांडं ठेवून गेल्या.
अजून काही विचारलं नाही त्यांनी.

चिमण्यांच्या मातीच्या ताटलीत पाणी कोण भरेल,
हा प्रश्न दोन दिवस अडून होता.
काकूंच्या नातवानं पत्करलं,
रोजचे दहा रुपये ठरले.

रात्री वेटिंग एकोणीसवर आलं.
पारा तसाच.
परवान्याचा अर्ज भरायला घेतला.
नाव, वय, घरी कळवायचं झालं तर कोणाला,
इथे मी ऋतुजाचा नंबर दोनदा तपासला.
शेवटी, येण्याचा उद्देश.
गिर्यारोहण, पक्षीनिरीक्षण, संशोधन, इतर.
इतरवर खूण केली,
तर पुढे टिंबटिंबांची रेघ, तपशील द्या म्हणून.

बॉयलरचं लॉगबुक आयुष्यभर भरलं,
तिथे असलं काही विचारत नव्हते.
पेन धरून बसलो.
आतून भांडी विसळत रत्नमाला म्हणाली,
एवढं काय त्यात, लिहा ना,
कुडकुडायला.
पाण्याचा आवाज थांबला.
दोघांनी सोबत, असंही लिहा.

लिहिलं.
मग उठून
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं.